बोलता येईल तेवढंच पळायचं

दत्तूदादा भेटला की नमस्कार करत नसे, मनगट धरत असे. दोन बोटं नाडीवर, डोळे घड्याळावर. तोवर आपण गप्प उभं राहायचं. मग हात सोडून म्हणायचा, "जिना चढून आलास वाटतं." एकदा त्याने आमच्या साहेबांचाही हात असाच धरला आणि त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. साहेब घाबरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

रोह्याजवळच्या एका कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. सकाळची पाळी नसली की तो मला कोलाडच्या रस्त्याला पळायला न्यायचा. पळायचं ते गप्पा मारत. "बोलता येतंय तवर चाल हलकी," हा त्याचा सिद्धान्त. माझं वाक्य मधेच तुटलं की तो वेग कमी करायला लावी. त्यामुळे काल घरी कसलं कालवण झालं, ते मी अख्ख्या रस्त्याला ऐकवत पळत असे. दुधाचे कॅन लावलेले सायकलवाले हसत पुढे निघून जात. मला लाज वाटायची. दादा म्हणायचा, "रोज जीव काढलास, तर शर्यतीच्या दिवशी काढायला जीवच नाय उरनार." आठवड्यातून एकदा मात्र तो चढावर असा पळवी, की वर पोचल्यावर स्वतःचं नावही सांगता येऊ नये.

त्या वर्षी कोलाड ते रोहा शर्यत ठरली. दादा पहिल्या तिघांत येणार, यात कुणाला शंका नव्हती. शिट्टी वाजेपर्यंत मी त्याची वाट पाहिली. तो आलाच नाही.

मी कसाबसा शर्यत संपवून, घामाने निथळत त्याला शोधायला निघालो. कुंडलिकेच्या काठी सापडला. बरोबर वहिनी होत्या. त्यांना हृदयाचं जुनं दुखणं. मागचा महिना इस्पितळातच गेला होता. चालायची परवानगी डॉक्टरांनी आदल्याच दिवशी दिली होती. वहिनी चालता चालता पेणकडच्या आपल्या माहेरच्या मिठागराबद्दल काही सांगत होत्या आणि दादा मान खाली घालून ऐकत होता.

मला पाहून तो थोडा ओशाळला. वहिनी दोन पावलं पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, "हिला कवाही विचार, बरी हाय म्हनंल. दमली तरी सांगत नाय. म्हनून तर नाडी बघायला शिकलो मी."

शर्यत कोण जिंकलं, ते त्याने विचारलं नाही.

वहिनींनी मागे वळून पाहिलं. "अहो, जरा भरभर चला की."

"व्हय," दादा म्हणाला, आणि त्याने पाऊल आणखी लहान टाकलं.