देवगिरीचा संघ, मुक्काम म्हैसूर

देवगिरीच्या फुटबॉल संघातून मला काढून टाकलंय, हे मला माझ्या लग्नाचा कोट शिवायला टाकला तेव्हा कळलं. आपण त्या संघात होतो, हेही तेव्हाच कळलं. गोविंदमामांनी माझ्या पोटाभोवती टेप फिरवली, आकडा वाचला आणि सुतकी चेहऱ्यानं म्हणाले, "आता तुला घेता येत नाही रे. विंगला दुसरा बघतो." मी हादरलोच. लग्नाच्या तोंडावर माणसाला असं काही सांगतात का?

गोविंदमामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या गल्लीतले जुने शिंपी. कुठल्या तरी पणजोबांच्या काळात त्यांचं घराणं विठ्ठलाचं नाव आणि कात्री घेऊन म्हैसूरला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दुकानात कानडी आणि रागावले की दोन्ही एकदम. मामांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता. मैदानाच्या कठड्याबाहेर उभं राहून मॅच बघायचे, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध. पण देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडून शेकडो वर्षं झाली, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. राज्य गेलं म्हणून संघ कशाला जायला पाहिजे, असं ते विचारायचे. राज्य आज असतं तर त्याचा फुटबॉलचा संघ असताच, आणि तो कुणी तरी निवडायला नको का? दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून मामांनी ते काम अंगावर घेतलं होतं.

निवड व्हायची टेपनं. गिऱ्हाईक शर्ट-पँटीचं माप द्यायला यायचं आणि मामा त्याला मनातल्या मनात मैदानात उतरवायचे. डावा खांदा उतरता असला की डावी विंग. उजवी मांडी डावीपेक्षा जाड भरली की पेनल्टी त्याची. गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसायचा. हुणसूरचे एक तंबाखूचे व्यापारी कित्येक वर्षं देवगिरीचे सेंटर फॉरवर्ड होते. मामा माझ्या पँटी फार सैल शिवतात, एवढीच त्यांची तक्रार. धावायला बरं म्हणून मामा मुद्दाम सैल ठेवायचे.

समोरचा संघ कायम यादवांच्या जुन्या वैऱ्यांचा, होयसळांचा. आता म्हैसूर म्हणजे होयसळांचा मुलूख, त्यामुळे शेजारीपाजारी, दूधवाला, समोरचा कॉफीवाला सगळे शत्रुपक्षाचे. मामींचं माहेर तर हासनजवळचं, म्हणजे थेट होयसळांच्या राजधानीकडचं. त्यांच्यासमोर मामा डावपेचांबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

मॅचचा निकाल मामा दुकान उघडता उघडता सांगायचे. बहुतेक वेळा देवगिरी हरलेली असायची. मला हे अजब वाटायचं. संघ यांचा, मॅच यांच्या डोक्यातली, आणि हरायचंही यांनीच? एकदा न राहवून विचारलं.

"आपली हरेक मॅच बाहेरगावची की रे," मामा म्हणाले. "पब्लिक सगळं त्यांचं. सुम्ने, उगाच आपलं जिंकलो म्हणून कसं सांगू?"

सगळ्यात मोठा धक्का मात्र पिरियापट्टणला बसला. तिथले एक मास्तर वारले. ते मामांचे गिऱ्हाईक, म्हणून आम्ही दोघं बसनं भेटायला गेलो. तिथं मामा असे ढसाढसा रडले की घरची माणसं स्वतःचं रडणं थांबवून यांच्याकडे बघायला लागली. हे मास्तरांचे कोण, अशी कुजबुज सुरू झाली. "आमचा बॅक गेला," मामा हुंदके देत म्हणाले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि येणाऱ्या पहिल्या बसमध्ये कोंबलं.

या वेडाला मूळ आहे, हे मामींनी मला फार उशिरा सांगितलं. भाषेवरून राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा मामांचा धाकटा भाऊ श्रीपती चंबूगबाळं आवरून सोलापूरला निघाला. आपल्या भाषेच्या राज्यात जाऊ, इथं राहून तू कानडी होशील, असं तो म्हणाला. तिथं जाऊन तू अर्धा होशील, असं मामा म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. देवगिरीच्या राज्यात मराठी नि कानडी दोन्ही चालायचं, असं मामांनी कुठं तरी ऐकलं होतं. "दोघं भाऊ एकात मावतील असं तेवढं एकच राज्य घावलं यांना," मामी म्हणाल्या. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग मामांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मामींनी नवऱ्याला न विचारता श्रीपतींना बोलावणं धाडलं. मामांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले की येईल तर येऊ दे, मी बोलणार नाही. पण म्हातारपण दारात आलेलं. आता नाही बोलले तर पुन्हा कधी, ही मामींची काळजी होती.

श्रीपती आले तेव्हा मी दुकानात नव्या पँटीची ट्रायल देत होतो. काठी टेकत उंबऱ्याशी उभे राहिले. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, गुडघे वाकलेले. मामांनी वर पाहिलं. आता भांडण होणार असं मला वाटलं आणि पँटीला टाचण्या लावलेल्या असल्यामुळे मला हलताही येईना.

मामा उठले. गळ्यातली टेप काढून त्यांनी भावाच्या खांद्याला लावली. खांदा झाला, छाती झाली, पोट झालं. एरवी आकडे खणखणीत सांगणारा हा माणूस त्या दिवशी एक आकडा बोलेना. श्रीपती काठी भिंतीला टेकवून गिऱ्हाइकासारखे हात वर करून उभे होते. माझ्या पोटापायी मला काढलं होतं. या पोटाला तर मैदानाच्या जवळपासही फिरकू द्यायला नको होतं.

"संघात घेतो तुला," मामा म्हणाले.

कसला संघ, हे श्रीपतींनी विचारलं नाही. "अण्णा, मला आता पळवत नाही रे."

"पळू नको. लई पळालास. गोलात उभा राहा, बास."

श्रीपतींनी वर केलेले हात खाली आणले ते मामांच्या खांद्यांवर. टेप दोघांच्या मध्ये तशीच अडकून राहिली.