भीमाचार्यांचा सत्कार

"माणसं टिकवायला अक्कल लागते, पैसा नव्हे! बघच तू!" रजिस्ट्रार श्रीधररावांनी सकाळच्या कॉफीलाच बायकोला बजावलं.

साल बासष्ट. बंगळूरात नवनवे कारखाने निघालेले. दारात बस, कँटीनमध्ये स्वस्त जेवण! युनिव्हर्सिटीचे चार कारकून महिन्याभरात तिकडे पळाले. जाणत्या माणसांत राहता राहिले हेडक्लार्क भीमाचार्य. परीक्षा आठवड्यावर आलेली, आणि कोण कुठल्या हॉलात बसणार हे सगळं आचार्यांच्या डोक्यात. ते गेले की परीक्षेचे बारा वाजलेच!

"मग पगार वाढवा की त्यांचा," शारदाबाई म्हणाल्या.

"ते माझ्या हातात कुठाय? सत्कार करतो!"

आणि केला की हो! दुपारी सगळं ऑफिस जमवलं. हार, शाल, जरीचा म्हैसुरी फेटा, वर खाराबात नि केसरीबात, म्हणजे आपला उपमा नि शिरा. "आचार्य म्हणजे या ऑफिसचा कणा!" श्रीधरराव गरजले.

आचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, माझं काय चुकलं?"

"बघा, विनय बघा!"

आचार्य रडू लागले. कारकून त्यांच्या गळ्यात पडून रडू लागले. श्रीधररावांचाही ऊर भरून आला. आनंदाश्रूच हे, दुसरं काय! तेवढ्यात आचार्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, डबा उचलला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी! श्रीधररावांची पाचावर धारण बसली. घोड्याचा जटका करून त्यांनी आचार्यांचं बसवनगुडीतलं घर गाठलं. आचार्य ओसरीवर कारखान्याचा अर्ज लिहीत बसलेले.

"अहो आचार्य, हे काय?"

"आपणच निरोप दिलात ना साहेब?" आचार्यांनी लेखणी खाली ठेवली. "आपल्याकडे हार-फेटा जाणाऱ्यालाच मिळतो. बावीस वर्षांत आपण मला एकदाही 'बरं' म्हणाला नाहीत. काल एकदम कणा! मी काय समजायचं?"

श्रीधरराव चपापले. खरंच की! बावीस वर्षं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं. चला, गाडी उभी आहे."

"सरी, येतो," म्हणत आचार्यांनी डोळे पुसले.

किल्ल्या पुन्हा कमरेला खोचून संध्याकाळपर्यंत त्यांनी हॉलांची यादी पुरी करून समोर ठेवली. एक खाडाखोड नाही! आता माणसाला बरं म्हणायचंच, असं ठरवून श्रीधरराव मायेनं म्हणाले, "वा आचार्य, फारच सुरेख झालीय हो यादी!"

आचार्यांचा हात थेट कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

"छे छे छे!" श्रीधरराव किंचाळले. "अक्षर काय हे? कावळ्याचे पाय! पुन्हा लिहा!"

"हां!" म्हणाले आचार्य, आणि समाधानानं खुर्चीत टेकले.