हाताला लागू नये म्हणून

"बाबा, तुमच्या त्या खोलीत चिमणीच्या हाताला काही लागलं ना, तर मी तिला तुमच्याकडे ठेवणार नाही," असं लेकीने फोनवर निक्षून सांगितलं. तिला म्हणायचं होतं, इजा होऊ नये. आजोबांनी ऐकलं, काही सापडू नये. गेल्या खेपेला चिमणीने, त्यांच्या नातीने, लाकूड तासायच्या पटाशीने बोट कापून घेतलं होतं आणि तिच्या आधी आजोबाच रडले होते. तेव्हा या वेळी त्यांनी कंबर कसली.

खोली कसली, दार आणि खिडकीमधली चिंचोळी जागाच ती. तिथे आजोबांनी भिंतीला वीतभर खोल कपाट ठोकलं. दार खाली पाडलं की त्याचंच कामाचं टेबल, वर लोटलं की नुसती भिंत. हातोडीपासून पकडीपर्यंत सगळी हत्यारं आत ओळीने टांगलेली. खटका आतून, बाहेरून ठरावीक जागी लोहचुंबक धरलं तरच तो उचलला जायचा. बाहेरून कोणी खोलू नये म्हणून सगळे स्क्रूही त्यांनी आतूनच पिळले.

"चोर शिरले तरी उघडणार नाही!" त्यांनी आजीला ऐकवलं. मग शेवटची हातोडी आत टांगली, दार वर लोटलं, टक् आवाज झाला आणि आजोबांनी समाधानाने खिसा चाचपला. चुंबक नव्हतं. ते हातोडीला चिकटून आत गेलं होतं.

आजोबा हार मानणारे नव्हते. त्यांनी फ्रिजवरचं चुंबकाचं चित्र आणून दारावर फिरवलं. ते घसरून खाली पडलं. फटीत सुरी घातली; सुरी वाकली.

"काय शोधताय?" शिवणयंत्रावरून आजीने विचारलं.

"काही नाही."

"बरं. सापडलं की सांगा."

शेजाऱ्यांकडे स्क्रूड्रायव्हर होता, पण दुसऱ्याचा स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश यांत आजोबा फरक करत नसत. ते दाराला खांदा लावून भिडले. खुर्ची कलंडली, धाडकन आवाज झाला.

"अहो, हाताला काही लागलं का?" आजी ओरडली.

"हाताला काही लागत नाहीये, हीच तर पंचाईत आहे!"

एवढ्यात लेक आली. एका कडेवर चिमणी, दुसऱ्या काखेत सुट्या पट्ट्यांची, स्क्रूने जोडायची कॉट. भिंत पाहून ती खूश झाली. चिमणीने दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, लाथही मारून पाहिली, दार ढिम्म.

"वा बाबा! आता ही आठवडाभर राहू दे खुशाल. फक्त ही कॉट जोडून द्या, कॉटशिवाय ही झोपत नाही. स्क्रूड्रायव्हर आणा ना."

आजोबांनी कॉटच्या पट्ट्या मोजल्यासारखं केलं. मग नाण्याने स्क्रू पिळून पाहिला.

"बाबा, स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

"सुरक्षित आहे."

लेकीला सगळं उमगलं. तिने चिमणीच्या कपड्यांच्या पिशवीची उघडायला घेतलेली चेन परत लावली. "मग राहू दे. संध्याकाळी मी हिला परत नेते. पुढच्या वेळी बघू."

चिमणी आजोबांच्या गुडघ्याला मिठी मारून उभी होती. त्यांनी सगळा अभिमान गिळला आणि शिवणयंत्रापाशी गेले.

"अगं, चुंबक आत राहिलंय."

"मग दुपारपासून बोलायला काय झालं होतं? चुंबकाच्या पाकिटात दोन होती. एक मी टाचण्यांसाठी उचललं." आजीने शिवणाच्या डब्यातून टाचण्यांनी केसाळ झालेलं चुंबक काढलं, झटकलं आणि दारावर धरलं. टक्. दार अलगद खाली आलं. आत हातोडीच्या डोक्यावर दुसरं चुंबक दिमाखात बसलं होतं.

आजोबांनी हात पुढे केला, पण आजीने दोन्ही चुंबकं डब्यात टाकून झाकण लावलं.

"एक तरी राहू दे की माझ्याकडे!"

"नको. तुमच्या हाताला लागेल."

या वेळी आजोबांना दोन्ही अर्थ एकदमच कळले. त्यांनी मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, कॉट घट्ट जोडली, हलवून पाहिली, स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी टांगला आणि दार वर लोटलं. चिमणी कॉटमध्ये उड्या मारू लागली. लेकीने पिशवीतून तिचे कपडे बाहेर काढले.

थोड्या वेळाने आजोबा कपाळ चाचपत शिवणयंत्रापाशी येऊन उभे राहिले.

"काय शोधताय?" आजीने विचारलं.

"चष्मा," आजोबा म्हणाले. "आत आहे."