विद्यार्थिनी क आठव्या फ्रेममध्ये येत नाही

सातव्या फ्रेममधल्या मुलीने आठव्या फ्रेममध्ये यायला सोमवारी सकाळी नकार दिला. तसं तिने कक्षाला तोंडी कळवलं.

कक्ष म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ आखणारं, जिल्ह्याच्या गावातलं एक ऑफिस. तेजल खंदारे तिथे कंत्राटावर होती. वरिष्ठ सांगतील तो प्रसंग एआयच्या स्टोरीबोर्डमध्ये टाइप करायचा. सॉफ्टवेअर फ्रेम काढून देतं, वरिष्ठ मंजूर करतात, मग शूटिंग. या खेपेचा विषय होता ‘शाळागळती आणि शिक्षकाची भूमिका’. तेजलने स्वतः बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली होती. ऑफिसात ते कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणाला माहीत नव्हतं.

पाचव्या फ्रेममध्ये गुरुजी हजेरी घेतात आणि विद्यार्थिनी क गैरहजर असते. सातव्या फ्रेममध्ये ती घराच्या ओट्यावर बसलेली. आठव्यात वर्गात, हसतमुख. मधली सहावी फ्रेम गुरुजींच्या गृहभेटीची होती. ती कक्षप्रमुख मुरकुटे सरांनी काढून टाकली. लांबी वाढते, म्हणाले, आणि शिक्षक चिडतात.

मुरकुटे सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण तसं त्यांना कोणी नीट सांगितलं नसावं. एकतीस वर्षांत त्यांच्या शाळेतून एकही मूल गळालं नाही, असं ते सांगत. खरंच होतं ते. जी मुलं येत नव्हती, त्यांचीही हजेरी सर लावत.

मंगळवारी बैठक झाली. विषयतज्ज्ञ गुरव मॅडमनी गळतीच्या कारणांची छापील यादी घेऊन स्क्रीनसमोर खुर्ची ओढली.

“कारण काय गं तुझं? स्थलांतर?”

“नाही.”

“लहान भावंडं सांभाळतेस?”

“मला भावंडं काढलेलीच नाहीत.”

“अभ्यासाची नावड?”

“अभ्यास तुम्ही दाखवलाय कुठे?”

“मग येत का नाहीस?”

“बोलवायला कोणी आलं नाही.”

मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. “हे यादीत नाही.”

“मग नका लिहू.”

“तोंड बघा हिचं,” मुरकुटे सर म्हणाले. “तेजल, तू हिला उद्धट टाइप केलंस का?”

“मुलगी, वय अकरा. एवढंच टाइप केलंय, सर.”

“मग हे आलं कुठून?”

“वयातून असेल.”

सरांनी चष्मा काढून पुसला. शुक्रवारी पाचपर्यंत मुलगी आठव्या फ्रेममध्ये आली नाही, तर तिला पुसून नवी काढावी आणि टाइप करताना ‘आज्ञाधारक’ हा शब्द जोडावा, असं ठरलं. मॅडमनी ते इतिवृत्तात घेतलं. मुलगी ऐकत होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

दुपारी तेजलने स्क्रीनसमोरच डबा उघडला. कायमवाल्यांचं जेवणाचं टेबल वेगळं होतं.

“शेपू आहे?” क ने विचारलं.

“हो.”

“वास येतो.” मग थोड्या वेळाने, “पुसतात म्हणजे काय करतात?”

“एक बटण आहे.”

“दुखतं?”

तेजलने घास तसाच धरून ठेवला. “माहीत नाही गं. कोणी सांगितलं नाही.”

त्या दुपारी तेजलने टिपण लिहिलं: मुलीला बोलवायला कोणी गेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे, तरी कोणीतरी जाऊन यावं. जाणारे म्हणून टिपणावर मुरकुटे सरांचं नाव पडलं, कारण शिक्षकी अनुभव त्यांचाच होता. दौऱ्याला मंजुरी यायला दोन दिवस लागले. सॉफ्टवेअरमध्ये ‘व्यक्ती जोडा’ असं बटण असतं. नाव टाकलं की आत जाता येतं. शुक्रवारी अकरा वीसला सर आत गेले. ओट्यासमोर मुलीकडे पाठ करून उभे राहिले आणि हात लांब करून दोन फोटो काढले. वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटलंय ना, ते डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. अकरा सव्वीसला बाहेर आले.

“झाली गृहभेट,” म्हणाले.

“ते माझ्याशी बोलले नाहीत,” क म्हणाली.

“फोटोत तू आलीयेस ना?” सरांनी तिला दाखवला. कोपऱ्यात तिचा गुडघा आला होता. “मग झालं तर.”

गृहभेट होऊनही मुलगी आली नाही, अशी नोंद झाली. आता कायद्याने सगळं पूर्ण होतं.

पावणेपाचला मुरकुटे सर चहाला गेले. तेजलने मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला, ‘व्यक्ती जोडा’ दाबलं, स्वतःचं नाव टाकलं आणि सातव्या फ्रेममध्ये जाऊन ओट्यावर बसली.

पाचला सरांनी पुसायचं बटण दाबलं. फ्रेममध्ये कर्मचारी असताना फ्रेम पुसता येत नाही, असा संदेश आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच आला.

“तेजल, बाहेर ये. स्टोरीबोर्ड आज पाठवायचाय.”

तेजल ओट्यावरून उठली नाही.

“आईवडिलांना काय सांगू तुझ्या?”

“त्यांना फोन करणारे तुम्ही पहिलेच असाल, सर,” तेजल म्हणाली. सरांनी फोन केला नाही.

साडेपाचला गुरव मॅडमनी मार्ग काढला. सातव्या फ्रेमखाली ‘विद्यार्थिनी क’ होतं, तिथे त्यांनी ‘विद्यार्थिनी क व ख’ केलं. आठव्या फ्रेममध्ये गुरुजी रिकाम्या बाकाकडे पाहून हसतात, ते तसंच राहू दिलं. स्टोरीबोर्ड मंजूर झाला. वरून शेरा आला, की वर्गातली शिस्त चांगली दाखवली आहे.

सातव्या फ्रेममध्ये कायम दुपारचे चार वाजलेले असतात.

“फोटो काढायचाय?” क ने विचारलं.

“मोबाइल नाही आणला.”

“मग? परत न्यायला आलीस?”

“नाही. तू वर्गात दिसली नाहीस, म्हणून आले.”

क ने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता फ्रेमच्या कडेला संपत होता.

“तूही सोडलीस ना शाळा? कधी?”

“कॉलेज. दोन वर्षं झाली.”

“कोण आलं होतं?”

“कोणी नाही. कॉलेजचं एक पत्र आलं होतं. लायब्ररीचं पुस्तक परत करा म्हणून.”

“केलंस?”

“नाही.”

क हसली. ओट्यावर जराशी सरकली आणि जागा करून दिली.

“कशाबद्दल होतं ते पुस्तक?”

तेजल पाय वर घेऊन नीट बसली आणि सांगायला लागली.