बुडण्याची रंगीत तालीम

पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो. माझा एकमेव प्रतिस्पर्धी त्या दिवशी तापाने झोपला होता, पण तो त्याचा प्रश्न! शिवाय माझा धंदाही पाण्याचाच. नळ, शॉवर, बेसिन, टब, जे म्हणाल ते माझ्या दुकानात मिळतं. त्यामुळे बायको पांढऱ्याफटक चेहऱ्याने घरी आली आणि म्हणाली, "अहो, मला हेलिकॉप्टरसकट पाण्यात बुडवणार आहेत," तेव्हा मी सोफ्यातच शड्डू ठोकला.

"एवढंच ना? अगं, मी आहे ना!"

हे वाक्य मी उच्चारलं की घरात काहीतरी फुटतं, असं आमच्या सासूबाईंचं निरीक्षण आहे. त्या आमच्याकडेच राहतात. त्या दिवशी मी बोललो आणि त्यांनी टेबलावरची काचेची बरणी हळूच उचलून कपाटात ठेवली.

आता हे हेलिकॉप्टरचं प्रकरण काय, ते सांगतो. माझी बायको नर्स आहे. इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात तिने वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या मागे उभं राहून काढली. आणि आता तिला परदेशात नोकरी मिळत होती. भर समुद्रात तेल काढणारा प्लॅटफॉर्म असतो ना, तिथला दवाखाना तिने एकटीने सांभाळायचा! कुणाचं बोट कापलं, कुणाच्या छातीत कळ आली, की पहिला आणि शेवटचा शब्द तिचा. निवड झाल्याचं कळलं तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडली होती. आमच्या लग्नात सगळे रडत असताना ही बाई फोटोग्राफरला कुठे उभं राहायचं ते सांगत होती, यावरून समजा.

पण त्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायचा तर सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं. आग विझवा, धुरातून रांगा, तराफ्यात चढा, आणि सगळ्यात शेवटी बुडा! तिथे हेलिकॉप्टरने जातात आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर उलटं होतं म्हणे. म्हणून लोखंडी पिंजऱ्याचं एक खोटं हेलिकॉप्टर करतात, त्यात माणसं पट्ट्याने बांधतात, पिंजरा तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. तुम्ही खिडकीतून बाहेर यायचं. जमलं तर सर्टिफिकेट, नाही जमलं तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

आणि माझी बायको डोक्यावरून पाणी घेत नाही. लहानपणी ती विहिरीत पडली होती, तेव्हापासून शॉवरखालीसुद्धा मान बाहेर काढून उभी राहते. बाकी कशालाही न घाबरणारी बाई पाण्याचा विषय निघाला की गप्प होते. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी करतो!

मोबाईलवर अशा प्रशिक्षणाचा व्हिडिओ मी शोधून काढला. निम्माच पाहिला. उरलेला निम्मा मला पोहता येत असल्यामुळे येतच होता.

"हे बघ," मी तिला म्हणालो, "उलटं झाल्यावर माणूस अडकतो कशाने? पट्ट्याने! म्हणून पाणी आलं रे आलं की आधी पट्टा काढायचा आणि सुटायचं. आधी पट्टा! पाठ कर."

"तिथे शिकवतील ना ते."

"तिथे सगळे घरून शिकून जातात!"

दुकानात शोभेला ठेवलेला टब मी लिफ्टमध्ये उभा करून, त्याला मिठी मारून घरी आणला. तो दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला. त्याच्या भोकाला अर्थातच पाईप नव्हता, तिथे मी फडक्याचा बोळा कोंबला आणि टब पाण्याने भरला. टबाला पाठ करून माझी ऑफिसची फिरती खुर्ची ठेवली आणि प्रवासी बॅगेच्या पट्ट्याने मी स्वतःला तिच्यात करकचून बांधून घेतलं. योजना अगदी साधी होती. बायको खुर्ची मागे कलती करणार, सासूबाई बादलीने वरून समुद्र ओतणार आणि मी पट्टा काढून दिमाखात बाहेर येणार.

"जावईबापू, पाणी कोमट करू का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, समुद्र कोमट नसतो!"

"बरं," म्हणून त्यांनी समुद्र ओतला.

बायकोने खुर्ची जेमतेम कलती केली आणि चाकांनी दगा दिला! खुर्ची घसरली, मी डोक्यावर टबात आणि खुर्ची माझ्यावर. पाय छताकडे, चाकं गरागरा हवेत! मी पट्टा शोधतोय, तो पोटावरून सरकून पाठीमागे गेलेला. सासूबाईंना वाटलं समुद्र कमी पडतोय, त्यांनी दुसरी बादली ओतली!

बायको किंचाळली नाही. तिने एका हाताने माझी मान पाण्याबाहेर धरली आणि म्हणाली, "आई, कात्री." बस्स. कात्री येईपर्यंत, पट्टा कापला जाईपर्यंत, मला बाहेर ओढून कुशीवर वळवेपर्यंत तिचा तो हात माझ्या मानेवरून हलला नाही. मी मात्र हातपाय झाडण्यात बोळा उडवला होता. सगळा टब दिवाणखान्यात मोकळा झाला आणि पाण्याने तडक खालचं घर गाठलं.

खालचे काका छत्री घेऊन वर आले. निवृत्त माणूस, दिवसभर गुन्ह्यांच्या मालिका बघतो. त्यांनी दारातून पाहिलं. जमिनीवर उलट्या खुर्चीपाशी, कापलेल्या पट्ट्यात गुंतलेला मी, हातात कात्री घेतलेली बायको, बादली घेतलेल्या सासूबाई.

"नाही हो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "जावईबापूच म्हणाले, माझ्यावर पाणी ओता म्हणून!"

"असं सगळेच म्हणतात," काका म्हणाले.

त्यानंतर जिन्यात भेटले की ते माझा दंड दाबून हळूच विचारायचे, "घरी सगळं ठीक ना? काही लागलं तर जमिनीवर पाय आपटा. मी खालीच असतो."

तालीम मी सोडली नाही. फक्त कोरडी केली. ती भाजी चिरत असो, केस विंचरत असो, मी मागून ओरडायचो, "पाणी!" की तिचा हात कमरेकडे गेलाच पाहिजे. जायला लागला! मी इतका खूश झालो, की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगत सुटलो.

परीक्षेच्या दिवशी तिची बॅग गळ्यात अडकवून मी प्रशिक्षण केंद्राच्या काचेच्या गॅलरीत जाऊन बसलो. खाली निळा तलाव, वर क्रेनला टांगलेला पिवळा पिंजरा. शिकवणारे गृहस्थ दणकट होते आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, म्हणून मी त्यांचं नाव शिट्टीमास्तर ठेवलं. नारिंगी कपडे, तरंगायचं जॅकेट आणि हेल्मेट घातलेल्या उमेदवारांच्या रांगेत माझी बायको सगळ्यात बुटकी होती. शिट्टीमास्तरांचा आवाज ध्वनिक्षेपकावरून गॅलरीत येत होता.

"एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. पिंजरा उलटा होऊन पूर्ण थांबेपर्यंत पट्टा काढायचा नाही! पट्टा तुम्हाला अडकवत नाही, जागेवर ठेवतो. आधी पट्टा काढला की तुम्ही तरंगत भलतीकडे जाता, मग खिडकी सापडत नाही. आणि ही चूक कोण करतं माहीत आहे? ज्यांना उत्तम पोहता येतं ते!"

मी गॅलरीचं छत फार बारकाईने पाहू लागलो. खाली बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. औषध न घेता "घेतलं" म्हणणाऱ्या पेशंटकडे ती असंच बघत असणार.

पिंजरा खाली गेला. पाणी आलं. आणि मी इतके दिवस घोकून घेतलेलं सगळं तिच्या हाताने चोख केलं. आधी पट्टा! पिंजरा उलटा झाला तेव्हा ती आत कुठेतरी फुग्यासारखी अडकली होती. तलावात तयारच असलेल्या पाणबुड्यांनी तिला बाहेर काढलं. ती काठावर बसून खोकत होती.

"पट्ट्याची ही घाई कुणी शिकवली?" शिट्टीमास्तरांनी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. नाव नाही घेतलं. या बाईचं मन फार मोठं आहे हो!

"आणखी एकदा संधी मिळेल. मग नाही."

मी धावत खाली गेलो. कपडे बदलायच्या खोलीबाहेर ती टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती.

"चल घरी," मी म्हणालो. "चूक माझी आहे. नको ती नोकरी."

"गप्प बसा हो जरा." ती आपल्या हाताकडे बघत होती. "पेशंटला कुशीवर वळवलंय, आणि मागच्या टेबलावरून काही घ्यायचंय. तर काय करायचं?"

"काय?"

"एक हात पेशंटवरच ठेवायचा. मान वळवा, पाठ वळवा, तो हात काढायचा नाही. नाहीतर पेशंट पलंगाखाली. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, मी झोपेतसुद्धा करीन." तिने टॉवेल माझ्या हातात दिला. "ती खिडकी म्हणजे माझा पेशंट. बाकी काय उलटं व्हायचं ते होऊ दे."

आणि गेली! भीती वाटत नव्हती अशातला भाग नाही. दात वाजत होते, मी ऐकलं. तरी गेली. मला पोहता येतं, पण हे मला जमलं नसतं. खरं सांगतो, नसतं जमलं.

मी पुन्हा गॅलरीत. पिंजरा पाण्यात गेला. उलटा झाला. एक हेल्मेट वर आलं, दुसरं आलं, मग आणखी. सगळी आली. तिचं नाही! मी काचेला नाक लावलं. पाणी शांत. शिट्टीमास्तर भलत्याच बाजूला बघत उभे. अरे, कुणी बघा ना!

गॅलरीतून तलावाकडे जाणाऱ्या दारावर "आत जाऊ नये" अशी पाटी होती. मी ते दार ढकललं, "मी आहे ना!" अशी आरोळी ठोकली आणि उडी मारली!

बुटांसकट! मोबाईलसकट! आणि गळ्यात तिची बॅग, जिच्यात डबा, छत्री आणि अर्धा दवाखाना होता. त्या बॅगेने मला सरळ खाली नेलं. कसाबसा वर येतोय तर बॅगेचा पट्टा काठाशी बांधलेल्या सरावाच्या तराफ्याच्या दोरीत अडकला. आणि शपथेवर सांगतो, आधी पट्टा काढायचा हे मला त्या वेळी अजिबात आठवलं नाही!

बायकोची खिडकी पिंजऱ्याच्या पलीकडच्या बाजूला होती. ती केव्हाच बाहेर येऊन समोरच्या काठाची दांडी धरून, शिट्टीमास्तरांना अंगठा दाखवत होती. म्हणूनच ते तिकडे बघत होते! तेवढ्यात पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज तिने ऐकला आणि आपली बॅग ओळखली.

मला दिसलं ते एवढंच, की डोक्यावरून पाणी न घेणारी माझी बायको अख्खा तलाव कापत माझ्याकडे येत होती. लाटा तिच्या तोंडावर आपटत होत्या आणि तिचं लक्षही नव्हतं. तिने माझ्या हनुवटीखाली हात घातला, दुसऱ्या हाताने पट्टा सोडवला.

"शांत राहा. काही होत नाहीये तुम्हाला. मी धरलंय."

त्या आवाजाने आजवर किती घाबरलेली माणसं शांत झाली असतील! मीही झालो. बुडायचं सोडून मी तिच्याकडेच बघत राहिलो.

काठावर शिट्टीमास्तरांनी आधी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. पाटी वाचता येत नाही का, पाणबुडे काय शोभेला ठेवलेत का, सगळं रास्त होतं. मग त्यांनी बायकोला विचारलं, "हे कोण?"

"माझे मिस्टर."

"हेच का ते, 'घरी'?"

मी खोकलो.

"बाई, जखमीला पाण्यातून ओढून आणायची परीक्षा दुपारी होती. त्यासाठी आमच्याकडे रबरी पुतळा आहे, पण तो इतके हातपाय झाडत नाही. तुमची ती परीक्षा झाली. हेलिकॉप्टरचीही झाली. पास!"

संध्याकाळी घरी पोचलो तर फाटकात खालचे काका. मी अजून निथळत होतो.

"पुन्हा?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मग त्यांची नजर बायकोच्या हातातल्या कागदाकडे गेली. "आणि आता त्याचं सर्टिफिकेटसुद्धा देतात?"

ती निघाली त्या दिवशी विमानतळावर मी आणि सासूबाई पोचवायला गेलो होतो. ती एका हाताने पर्समध्ये पासपोर्ट शोधत होती. दुसरा हात माझ्या खांद्यावर. वळून आईशी बोलली, हात खांद्यावर. मान वळवून रांग पाहिली, हात खांद्यावरच. मी विरघळलो. इतक्या वर्षांत चारचौघांत असं कधी नाही!

"अगं, लोक बघतायत," मी लाजून म्हणालो.

"काय बघतायत?"

"हा हात."

तिने हाताकडे पाहिलं आणि हसली. "अय्या! सवय हो. हात काढला की तुम्ही पडाल, असं वाटतं."

"काहीतरीच!"

मग तिने हात काढला आणि ताठ मानेने आत गेली. काचेपलीकडून वळून तिने हात हलवला. मीही डोळे पुसत, दोन्ही हात हलवत, तिला नीट दिसावं म्हणून मागे मागे सरकत गेलो आणि मागच्या सामानाच्या गाडीवर उताणा पडलो!

काचेपलीकडे तिने कपाळावर हात मारला. अलीकडे सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि माझी मान धरली.

"उठा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मी आहे ना!"