भालेरावांच्या फोनमधला माझा चेहरा

भालेरावसाहेबांच्या फोनमध्ये मी माझा चेहरा विसरलो. ‘विसरलो’ हा शब्दही मी स्वतःच्या सोयीने वापरतो आहे. तो तिथे राहिलाय हे मला जिना उतरतानाच आठवलं होतं, आणि मी परत वर गेलो नाही.

झालं असं, की त्यांचा नवा फोन त्यांना ओळखेना. चेहरा दाखवून अ‍ॅप उघडण्याची सोय त्यांनी स्वतःच शोधून काढली होती, पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मान प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी खाली. फोन तरी काय करणार? आमच्या इमारतीत मोबाइलमधलं मला कळतं असा एक समज आहे. मी गेलो, कॅमेरा चालतोय का बघायला आधी माझा चेहरा नोंदवला, मग त्यांचा. माझा काढायचा राहिला.

साहेब खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं रोज गेटवर झडती. डबासुद्धा उघडून दाखवायचा. आत काय चालतं ते घरी सांगायचं नाही. निवृत्तीनंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही, पण न सांगण्याची सवय उरली. त्यांनी फोनमधल्या एकूण एक अ‍ॅपला चेहऱ्याचं कुलूप लावलं. कॅलक्युलेटरला. हवामानाला. गजरालासुद्धा. पहाटे साडेपाचला गजर वाजायचा आणि झोपेतून उठलेला चेहरा फोनला पटायचा नाही. साहेब तोंड धुऊन, भांग पाडून येईपर्यंत खालचा आमचा मजलाही जागा झालेला असायचा. माझी मुलगी त्यांच्या गजरावर दहावी पास झाली.

एकदा संध्याकाळी वीज गेली. जिन्यात साहेब फोन कठड्यावर टेकवून आगपेटीची काडी ओढत होते.

“काय हो साहेब?”

“टॉर्च लावतोय.”

टॉर्चला कुलूप होतं, आणि अंधारात फोनला चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्यावर उजेड पाडायला काडी. तिसऱ्या काडीला टॉर्च लागला आणि त्याच क्षणी वीज आली. साहेबांनी शांतपणे फोन खिशात घातला.

“टॉर्चमध्ये लपवण्यासारखं काय आहे?” मी विचारलं.

“तुम्ही आंघोळीला दार लावता ना, जगताप? आत काय खजिना असतो?”

त्यांचं बोलणं असं. ‘कुठे निघालात?’ विचारलं की “खाली”. ‘कशाला?’ की “परत वर यायला.” शेजारच्या पाठकांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या, हे म्हणाले, “अजून एक वर्ष गेलं.” वहिनी होत्या तोवर माणसांशी बोलायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्या गेल्या आणि साहेब इमारतीखालच्या बाकावर आमच्या शेजारी रोज तासभर नुसते बसू लागले. आम्ही त्यांना तुसडे म्हणायचो. त्यांची नक्कल मी फार छान करायचो.

त्या रविवारी सकाळी ते नेहमीसारखे बाकावर होते. एकदम उठले. “दूध गॅसवर,” म्हणाले आणि वर धावले. फोन बाकावर, माझ्या मांडीला लागून राहिला.

“बघा तरी, एवढं काय दडवलंय,” पाठक म्हणाले.

“आपल्याला कुठलं उघडायला,” असं म्हणत मी फोन उचलून तोंडासमोर धरला. गंमत म्हणून, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. फोन उघडला. पाठकांनी टाळी दिली. समोरच नोंदवहीचं अ‍ॅप होतं. तेही माझ्या चेहऱ्याला फसलं.

मी मोठ्याने वाचायला लागलो, त्यांच्याच तुटक आवाजात.

“‘वॉचमन. बहिणीचं लग्न झालं. कसं झालं विचारणे. सोमवार, जमलं नाही. मंगळवार, तोंडापर्यंत आलं. बुधवार, तो जेवत होता.’”

बाक हसायला लागला. मी आवाज चढवला.

“‘पाठक. नात चालायला लागली का, विचारणे. वाढदिवसाचं बोललो ते बरोबर नव्हतं. त्याबद्दलही काहीतरी म्हणणे. काय, ते ठरवणे.’”

पाठक हसायचे थांबले. मी थांबलो नाही. पुढे माझं नाव होतं.

“‘जगताप. वडील जाऊन महिना झाला. हसतात फार. जेवता ना नीट, एवढंच विचारणे. जास्त नको.’”

खाली अकरा तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे ‘आज नाही जमलं’. त्या मी वाचल्या नाहीत. माझे वडील गेले हे त्या बाकावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणीही मला काही विचारलं नव्हतं.

मान वर केली तर साहेब समोर उभे. किती वेळ, कोण जाणे.

“उघडला कसा?” त्यांनी विचारलं.

इथे मी खरं बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं.

“उघडाच होता, साहेब.”

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. “मग माझंच चुकलं,” म्हणाले. “कुलूप राहिलं वाटतं.” आणि फोन घेऊन ते गेले.

त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. मला वाटलं, रागावलेत, येतील. पण एक दिवस वॉचमन सांगू लागला, “साहेबांचं काही खरं नाही हो. दार लावून खाली येतात, परत वर जाऊन ओढून बघतात. तीन-तीनदा. मला म्हणाले, विसरायला व्हायला लागलंय, मी कुठे भटकताना दिसलो तर घरी आणून सोड.” त्यांच्या दारावर आता आतून तीन कड्या होत्या. मेंदूच्या डॉक्टरकडेही जाऊन आले होते. चौतीस वर्षांत एक किल्ली न हरवलेला माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास हरवून बसला होता, माझ्या दोन शब्दांमुळे. आणि हे कळूनही मी आणखी आठ दिवस घालवले. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी घरात थांबायचो.

शेवटी गेलो. तिन्ही कड्या एकेक करून निघाल्या.

“साहेब, फोन उघडा नव्हता. माझ्या चेहऱ्याने उघडला.”

त्यांना कळेना. मी त्यांचा फोन मागितला आणि त्यांच्यासमोर तोंडाशी धरला. उघडला. त्यांनी तो उघडा फोन माझ्या हातून घेतला. नोंदवही त्यांनी काढून टाकली होती.

“म्हणजे मी कुलूप लावलं होतं.”

“लावलं होतं.”

“मी विसरलो नव्हतो.”

“नाही, साहेब.”

ते खुर्चीत बसले. आता ओरडतील, निदान टोमणा मारतील, अशी मी वाट बघत होतो. मला तो हवा होता. ते एवढंच म्हणाले, “तुमचा चेहरा काढा.”

मी काढला. त्यांनी फोन माझ्यासमोर धरून खात्री करून घेतली. या वेळी तो उघडला नाही.

“बरं,” म्हणाले, आणि दारापर्यंत आले. उंबऱ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड किंचित उघडलं आणि मिटलं. दार लागलं. एक कडी लागली. दुसरी लागली. तिसरी लागायच्या आत मी दाराला तोंड लावून म्हणालो, “माझं चुकलं, साहेब. वाचलं तेही, खोटं बोललो तेही. माफ करा मला. आणि तुम्ही विचारणार होतात ना, म्हणून सांगतो. नाही जेवत मी नीट. बाबा गेल्यापासून नाही.”