किल्ली हातात, इंजिन चालू

"रविवारी गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर आली नाही, तर मीच क्रेनवाल्याला चहा करून पाजीन!"

आप्पांनी मुलीला असं ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. मेहुणे समोरच बसले होते. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथंच विरघळू दिलं.

"भावजी, गाडी वर्षभर जागची हललेली नाही. चाकाखालून गवत आलंय."

"गवत उपटता येतं."

गाडी म्हणजे आप्पांची डिझेल पिकअप. रंग कधी काळी निळा होता. बायको सोफ्याची कव्हरं आणि गाद्यांच्या खोळी शिवायची, आप्पा त्या पिकअपमधून घरोघर पोचवायचे. ती कायम शेजारच्या सीटवर. आप्पांनी एकट्यानं गाडी कधी नेलीच नाही, कारण ती नेऊच द्यायची नाही! साधी कोपऱ्यापर्यंत जायची असली तरी पायात चप्पल अडकवून ही हजर. "अगं, मी काय हरवणार आहे?" असं आप्पा विचारायचे, आणि ती खिडकीची काच खाली करायची. मग एका दुपारी ती बसल्या जागी गेली. त्याच महिन्यात गाडीनंही स्टार्ट व्हायचं सोडलं.

तेव्हापासून आप्पा रोज जेवण झालं की त्या बंद गाडीत जाऊन बसायचे. मुलीला तेच नको होतं.

"बाबा, परवा तुम्ही शेजारच्या सीटला विचारत होतात, पंखा लावू का म्हणून. गाडीत पंखा आहे का?"

"नाही. म्हणून तर ती काही बोलली नाही."

दुसऱ्याच दिवशी मुलीनं क्रेनवाल्याशी बोलणं केलं. रविवारपर्यंत गाडी चालली तर राहील, नाहीतर भंगारात जाईल. आप्पांनी कबूल केलं. करणार काय? पण गाडी गेली तर ती सीट जाणार होती, आणि त्या सीटमध्ये बसून बसून पडलेला खळगाही.

"मला काय कमी समजता?" आप्पा मेहुण्यांना म्हणाले. "किल्ली फिरवली की डिझेल तोडणारा पार्ट गेला होता, तेव्हा फिटरनं हात टेकले होते. मी भंगारातून एक पार्ट आणला, बसवला, आणि आजतागायत किल्ली फिरवली की इंजिन गप्प! तुमच्या बहिणीला विचारा!"

मेहुण्यांनी दचकून मागं पाहिलं.

पार्ट शोधायला दोघं भंगाराच्या आवारात गेले. ते गावाबाहेर होतं. ऊन चांगलं रखरखीत होतं, तरी आत शिरल्यावर आप्पांना उगाच गार वाटलं. गाड्यांच्या रांगाच रांगा. कुणाला दार नाही, कुणाला तोंड नाही. वारा नव्हता, पण लांबवर कुठंतरी एक दार हळूहळू उघडत होतं आणि हळूहळू लागत होतं. एका गाडीत चप्पल होती, एकच. एकीच्या आरशाला लहान मुलाचं झबलं लटकत होतं.

भंगारवाला मनुष्य बारीक, आवाज त्याहून बारीक.

"तुमच्यासारखीच पिकअप आहे मागं, हिरवी. पान्याला हात लावायच्या आधी बॉनेटवर टकटक करायची. माझ्या आवारातला नियम आहे."

"का?"

"आत कुणी असतं," असं म्हणून तो निघून गेला!

हिरवी पिकअप भिंतीला टेकून उभी होती. तिच्याही डाव्या सीटमध्ये खळगा होता. काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेत बाईमाणसाचा कंगवा खोचलेला होता, त्यात दोन पांढरे केस. आप्पांनी कंगवा हातात घेतला आणि परत होता तसा खोचून ठेवला.

"भावजी, आपण नवीन पार्ट घेऊ. मी देतो पैसे," मेहुणे म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, यावरून त्यांची अवस्था ओळखा.

आप्पांनी बॉनेटवर टकटक केलं.

आतून टकटक आली.

मेहुणे मागच्या मागं दोन गाड्या ओलांडून गेले. आप्पांचा हात मात्र सवयीनं पुढं गेला. बॉनेट वर झालं आणि एक लाल कोंबडी फडफडत त्यांच्या छातीवर आदळली!

"माझीच आहे," भंगारवाला लांबून ओरडला. "छान खुराडं बांधलंय, पण बाईसाहेबांना अंडं घालायला डिझेल गाडीच लागते!"

आप्पांनी सेल्फ मोटर काढली, रेडिएटर काढला आणि हॉर्नसकट स्टिअरिंग काढलं. डावी सीट चांगली होती, तीही न्या म्हणून मेहुण्यांनी सुचवलं. आप्पांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते स्वतःहून रेडिएटर उचलायला लागले.

शनिवारी आप्पा दिवसभर बॉनेटखाली. एका जागी त्यांना एक बारीक तार दिसली, लाल दोऱ्यानं नीट बांधलेली. डिझेलच्या पंपापासून निघून ती पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. ही कशाची, ते आठवेना. जुन्या गाडीत अशा कितीतरी तारा असतात, एकीला विचारायला गेलं की दुसरी तुटते. त्यांनी ती तशीच राहू दिली.

ऊन कलायच्या आत आप्पा गाडीत चढले. मेहुणे सावधपणे फाटकापाशी उभे. शेजारची सीट रिकामी. तिथं आप्पा पान्यांची पिशवीसुद्धा ठेवत नसत. त्यांनी सेल्फ मारला. गाडी खोकली, थुंकली, म्हाताऱ्यासारखी कण्हली आणि धडाधड सुरू झाली! आप्पांनी डोळे पुसले, धूर गेला म्हणाले. मग किल्ली फिरवली. इंजिन गप्प.

"बघितलंत? माझा पार्ट!"

रविवार उजाडला. मुलगी यायच्या आधी एक फेरी मारून ठेवावी, असं आप्पांच्या मनात आलं. मेहुण्यांना पुढं बसायची परवानगी नव्हती, त्यामुळं ते मागं हौद्यात दांडा धरून उभे राहिले, मिरवणुकीतल्या पुतळ्यासारखे. गाडी निघाली. पहिलं डावं वळण आलं, आप्पांनी स्टिअरिंग फिरवलं आणि हॉर्न वाजला.

दोनदा. आखूड.

हौद्यातून क्षीण आवाज आला, "भावजी, हॉर्न तुम्ही वाजवलात?"

"नाही."

बायको सामान उतरवून परत आली की खिडकीतून हात घालून अशीच हाक मारायची. दोनदा, आखूड.

"नवं स्टिअरिंग आहे. वायर घासत असेल," ते म्हणाले. पण पुढच्या डाव्या वळणाला पुन्हा तेच! तिसऱ्याला तर मेहुण्यांनी हात जोडले. त्यासाठी दांडा सोडावा लागला, म्हणून ते हौद्यात आडवे झाले, आणि आडव्यानंच गल्लीभर ओरडत राहिले, "ताई! तुझी शिवणाची कात्री माझ्याकडेच आहे! उद्या आणून देतो! तू घरी जा!"

लोक खिडक्यांत आले.

आप्पांनी कशीबशी गाडी फाटकासमोर आणली, ब्रेक लावला आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालूच.

पुन्हा फिरवली. चालूच. त्यांनी किल्ली बाहेर काढली, तळहातावर ठेवून तिच्याकडं पाहिलं. गाडी धडधडत होती.

"बंद करा ना!" मेहुणे खाली उडी मारून म्हणाले.

"बंदच आहे! ही बघा किल्ली!"

आप्पांनी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. एकदा सुरू झालेल्या डिझेल गाडीला बॅटरीचं सोयरसुतक नव्हतं. इंजिन अडून बंद पडावं म्हणून वरच्या गियरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला. क्लचप्लेट घासलेली, नुसता जळका वास आला. टाकी मेहुण्यांनी काल हौसेनं काठोकाठ भरली होती. किल्ली नाही, बॅटरी नाही, आणि रिकामी डावी सीट इंजिनाबरोबर हळूहळू हलत होती, कुणी मान डोलावत ऐकत बसावं तशी.

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. "अगं," ते हलकेच म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

तेवढ्यात मुलगी आली, आणि मागून क्रेन. क्रेनवाल्यानं आप्पांच्या हातातली किल्ली पाहिली, सुटलेली बॅटरी पाहिली, कात्रीचा जप करणारे मेहुणे पाहिले.

"ताई, ही मी नेणार नाही," तो मुलीला म्हणाला. "माझी क्रेन नवी आहे."

"बाबा, बंद करा ती!"

"होत नाही गं. काल झाली होती. आज तिच्या मनात नाही."

मुलगी वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिली. काहीतरी बोलावं की नाही, असं तिचं चाललं होतं. मग ती वळसा घालून डावीकडं गेली, दार उघडलं आणि आईच्या जागी बसली. आप्पांनी अडवायला हात उचलला, पण ती खाली वाकली होती. सीटखाली हात घालून तिनं काहीतरी ओढलं.

इंजिन थांबलं. गल्लीत एवढी शांतता पसरली की रेडिएटरमधलं पाणी ऐकू आलं.

"काय केलंस?"

तिनं हात वर केला. तारेच्या टोकाला दोऱ्याचं लाकडी रीळ बांधलेलं होतं, हाताच्या घामानं काळं, गुळगुळीत झालेलं.

"बाबा, तुमचा तो पार्ट बसवला त्याच संध्याकाळी गेला. तुम्ही इतके खुश होतात, सगळ्यांना बोलावून दाखवत होतात. आई म्हणाली, राहू दे, त्यांना सांगू नकोस. कोपऱ्यावरच्या फिटरकडून तिनं ही डिझेल तोडणारी तार बसवून घेतली. तुम्ही किल्ली फिरवली की ती खालून ओढायची."

"इतकी वर्षं?"

"म्हणून तर एकट्याला नेऊ द्यायची नाही."

आप्पा पायरीवर बसले. हसू आलं म्हणावं तर डोळे भरत होते, आणि रडावं तर त्या पार्टबद्दल गल्लीभर मारलेल्या फुशारक्या एकेक करून आठवत होत्या! फिटर इतकी वर्षं आपल्याला बघून का खोकायचा, तेही आत्ता कळलं.

"राहू दे गाडी," मुलगी म्हणाली. क्रेनवाला तोवर गल्लीच्या टोकाला पोचलाही होता.

मग आप्पांनी मान वर केली.

"पण मग काल? काल मी किल्ली फिरवली आणि बंद झाली."

"शेजारी कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. हे फाटकापाशी उभे होते."

तिघांनीही एकदमच डाव्या सीटकडं पाहिलं. मुलगी, जी तिथंच बसली होती, ती सावकाश खाली उतरली.

"मी कात्री घेऊन येतो," मेहुणे म्हणाले. "उद्या कशाला, आत्ताच आणतो!" आणि पळाले. चहा उकळायच्या आत कात्री आली. सोबत मोजायची टेप, अंगुस्तान आणि एक टाचण्यांची डबी, जी कुणी मागितलीच नव्हती!

गाडी आता रोज बाहेर निघते. आप्पा आधी डावं दार उघडतात, जरा थांबतात, लावतात, मग आपल्या बाजूनं चढतात. डाव्या वळणाला हॉर्न वाजतो, तो त्यांनी अजून दुरुस्त केलेला नाही. घरी आल्यावर किल्ली फिरवून ते डाव्या सीटकडं बघत जरा वाट पाहतात. इंजिन धडधडत राहतं. मग ते वाकून, कंबर धरत, स्वतःच रीळ ओढतात आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून इकडंतिकडं बघतात.

समोर फिटर असतो. तो खोकतो.